भोईरदादांचं विमान आणि सप्रेकाकांची यादी

आमच्या गाळ्यांच्या रांगेत दोन गोष्टी साठत जातात. एक पत्र्याची कात्रणं आणि दुसरे किस्से. कात्रणं न्यायला दर शनिवारी भंगारवाला येतो. किस्से न्यायला कुणी येत नाही, ते आपलेच आपल्याला सांगत बसावे लागतात. परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "तुमच्या शेजारी खरंच विमान बांधलं का हो?" आणि मी जी सुरू झाले ती पंगत उठली तरी थांबले नाही. नवरा लांबून खुणा करत होता.

माझी अंबरनाथ एमआयडीसीत छोटी लॅब आहे. केमिकल कंपन्यांचे प्रेशर गेज, थर्मामीटर असलं सगळं माझ्याकडे तपासायला येतं. बरोबर असेल तर मी हिरवा स्टिकर लावते, चुकत असेल तर लाल. बावीस वर्षं हेच करते आहे. माझ्या कपाळावरही एक लाल स्टिकर कायमचा आहे, असं माझ्या मागे बोलतात, ते मला माहीत आहे.

शेजारचा गाळा भोईरदादांचा. टाक्या, शिड्या, पाइपचे सांगाडे अशी फॅब्रिकेशनची कामं. मूळ गाव बदलापूरच्या पलीकडे, घरची शेती. पन्नाशीला आल्यावर या माणसाने विमान चालवायचा परवाना काढला. मग पंचावन्नाव्या वर्षी एका सकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, विमान बांधायला घेतलंय." मला वाटलं, गणपतीच्या मंडपाचं डेकोरेशन असेल. मी म्हटलं, छान, पंखांना थर्माकोल लावा म्हणजे हलकं होईल.

आठवडाभराने खरंखुरं इंजिन असलेलं खोकं टेम्पोतून उतरलं, तेव्हा माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

असं विमान हौशी माणसाला स्वतः बांधून उडवता येतं, कायदा नाही म्हणत नाही. त्याला प्रायोगिक विमान म्हणतात. पण त्यात कुठली कुठली उपकरणं असलीच पाहिजेत याची एक यादी असते, आणि सरकारी तपासनीस ती बघून सही करतो. सही नाही तर उड्डाण नाही. ही यादी आमच्याकडे आणली सप्रेकाकांनी. विमानांच्या देखभालीत उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेला हा माणूस अंबरनाथ पश्चिमेला राहतो आणि पायातल्या चपला काढतानासुद्धा डावी आधी की उजवी याचा नियम पाळतो. दादा बांधणार, मी उपकरणं तपासणार आणि सप्रेकाका यादीवर खुणा करणार, असं ठरलं.

दादांना एकच गोष्ट हवी होती. ते विमान एकदा तरी स्वतः उडवायचं, आपल्या शेताच्या वरून. आणि सांगाडा उभा राहून उपकरणांची वेळ येईपर्यंत सहा वर्षं गेली होती, आता वेळ कमी होता. रक्तात साखर होती, डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला होता. पायलटला दर थोड्या काळाने डॉक्टरी दाखला लागतो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हा दाखला देतो, पुढचा माझ्याकडून मिळेल असं धरून चालू नका. दादांनी हे आम्हाला सांगितलं आणि लगेच वेल्डिंगचा चष्मा चढवला, त्यामुळे डोळे दिसले नाहीत.

* * *

यादीत वरच्या बाजूलाच होकायंत्र आहे. आम्ही चांगलं, कागदपत्रांसकट आलेलं होकायंत्र बसवलं. मी लॅबमध्ये तपासलं होतं, हिरवा स्टिकर होता.

विमानात बसवल्यावर ते वेड्यासारखं वागायला लागलं. विमानाचं नाक शिवमंदिराकडे करा, नाहीतर स्टेशनकडे करा, उत्तर दिशा कायम समोर, थोडी डावीकडे. सप्रेकाकांनी इंजिनाच्या वायरी तपासल्या, स्क्रू बदलले, पितळेचे आणून लावले. दोन दिवस गेले. मी होकायंत्र काढून लॅबमध्ये नेलं की ठणठणीत. परत बसवलं की उत्तर समोर, थोडी डावीकडे. आपल्याच स्टिकरवरचा विश्वास उडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मी पायलटच्या सीटवर बसून नुसती बघत राहिले. पॅनेलवर, होकायंत्राच्या शेजारी, थोडा डावीकडे, दादांचा छोटा गणपती होता. टेम्पोच्या डॅशबोर्डवर बसवतात तसला. मी तो उचलायला गेले तर उचलेना. बुडाला लोहचुंबक!

या होकायंत्रावर दादा उडणार होते. दादांना विचारलं तर म्हणाले, गणपती मी पहिल्या दिवशीच बसवला, बाकीचं सगळं त्याच्यानंतर आलंय, मग हलवायचं असेल तर बाकीचं हलवा.

शेवटी चुंबक काढून गणपती दुहेरी चिकटपट्टीने बसवला. सप्रेकाकांनी तेही यादीत नोंदवलं: "गणपती, एक नग. चुंबकरहित. घट्ट बसवलेला."

* * *

प्रत्येक टाकीला इंधनाचा काटा हवा, असा नियम आहे. दोन टाक्या, दोन्ही पंखांत एकेक, म्हणून काटे दोन.

दादांना हे पटेना. त्यांनी तीस वर्षांत मोटरसायकलच्या काट्याकडे बघितलेलं नाही. गाडी दोन पायांत धरून हलवायची, आतला आवाज ऐकायचा, आणि पेट्रोल कल्याणपर्यंत जाईल की नाही ते सांगायचं. आणि खरं सांगते, त्यांचा अंदाज चुकलेला मी बघितलेला नाही.

सप्रेकाकांनी शक्य तितक्या शांतपणे समजावलं की ते जमिनीवर ठीक आहे, पण हवेत असताना विमान धरून हलवणार कोण?

दादा म्हणाले, "म्हणजे काय, मीच हलवीन की. दांडा माझ्याच हातात असणार ना."

सप्रेकाका उठून बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते, ते गेटपर्यंत जाऊन परत आले आणि मग पुन्हा गेटपर्यंत गेले.

* * *

उंची दाखवणारं उपकरण हवेच्या दाबावर चालतं. हे मला माहीत आहे, सप्रेकाकांना माहीत आहे. आमच्या रांगेच्या वॉचमनला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

हा वॉचमन, तिवारी, सगळ्या गोष्टींची वहीत नोंद ठेवणारा माणूस. दादांनी त्याला सांगून ठेवलं होतं की येता-जाता काटे बघत जा, काही हललं तर सांग. त्याने एका संध्याकाळी उंचीचा काटा लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हवेचा दाब उतरला होता. तो सकाळी बघतो तर काटा शंभरेक फूट वर गेलेला.

मी लॅब उघडत होते तेव्हा तो धावत आला. "मॅडम, जहाज अपने आप ऊपर गया था. फिर वापस आ के बैठा है." मी त्याला पाणी दिलं, हवेचा दाब समजावला, पेल्यावर कागद ठेवून उलटा करून दाखवला. तो मान डोलावत राहिला. मला वाटलं, समजलं.

दुपारी दादांच्या गाळ्यात गेले तर विमानाच्या शेपटीला जाड दोरखंड बांधलेला होता, दुसरं टोक आरसीसीच्या खांबाला. आणि गाठीवर लिंबू-मिरची.

* * *

सीट आणि पट्टे यांचं काम उल्हासनगरच्या मनोहरशेठकडे दिलं होतं. लग्नाच्या स्टेजवरचे सोफे बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पहिल्यांदा त्यांनी आणलेल्या सीट इतक्या गुबगुबीत होत्या, आणि सोनेरी पायपिंग लावलेल्या, की दादा बसल्यावर त्यांचं डोकं छताला टेकलं. त्या परत पाठवल्या. दुसऱ्या आल्या त्या बऱ्या होत्या.

पण नियमात कंबरेचा पट्टा आहे, खांद्यावरचा आहे, आणि ते वजन धरतात हे दाखवायचं असतं. सप्रेकाकांनी ठरवलं की विमानाचा नुसता सांगाडा चेनपुलीला लावून उलटा करायचा, सीटवर वाळूची पोती बांधायची, आणि बघायचं. ठरल्या वेळी वाळू आली नाही. सप्रेकाका स्टेशनवर कुणाला तरी आणायला गेले होते, मी लॅबमध्ये होते.

जेवणाच्या सुट्टीत दादांच्या गाळ्यात डोकावले. सांगाडा चेनपुलीला उलटा लटकत होता. आणि त्यात, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, डोकं खाली पाय वर, पट्ट्यांनी आवळलेले मनोहरशेठ! सव्वाशे किलोचा माणूस. तोंड टोमॅटोसारखं लाल झालेलं. खाली दादा हातात साखळी घेऊन घड्याळ बघत उभे.

मी ओरडले असेन, मला आठवत नाही. दादा मात्र शांत. त्यांचं म्हणणं असं की शिलाई शेठची, तर वजनही शेठचंच पाहिजे, त्यांनी स्वतःच तसा आग्रह धरला.

तेवढ्यात शेठच्या खिशातला फोन वाजला. तो त्यांनी उलट्या अंगानेच कसाबसा काढला, कानाला लावला. पलीकडे कुणी गिऱ्हाईक असावं. शेठ अगदी नम्रपणे म्हणाले, "दो मिनट होल्ड करो साईं, अभी उल्टा हूँ."

पट्टे पास झाले. त्या दिवशी मी लॅबचं कुलूप लवकर लावलं.

* * *

यादीत एक नारिंगी डबा असतो. विमान कुठे आपटलं तर तो आपोआप चालू होतो आणि उपग्रहामार्फत थेट बचाव पथकाला कळवतो की इथे या. त्याच्या नोंदणीत मालकाचा मोबाइल नंबर असतो. आमचा डबा नवाकोरा आला, मी त्याची बॅटरी तपासली, आणि दादा म्हणाले की बसवायच्या आधी याला शिवमंदिरात दर्शनाला नेऊन आणतो. नवीन लेथ मशीनचा चकसुद्धा ते मंदिरात नेऊन आणतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही बरोबर गेले.

दर्शन झालं. डब्याला गंध लागलं. परत येताना रिक्षात दादांनी तो मांडीवर घेतला होता. मंदिरावरून निघालो, आणि एमआयडीसीच्या वळणाआधीच्या खड्ड्यात रिक्षा अशी आपटली की माझे दातावर दात आले. डब्यावरचा दिवा लुकलुकायला लागला. दादांना वाटलं, देवाची कृपा.

दहा मिनिटांत त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आवाज इतका गंभीर की मला बाजूला बसून ऐकू येत होता. त्याने विमानाचा नंबर विचारला. दादांनी सांगितला. त्याने विचारलं, किती माणसं होती? दादा म्हणाले, तीन, रिक्षावाला धरून. मग त्याने विचारलं, विमान नेमकं कुठे कोसळलं आहे?

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. मी डबा ओढून घेतला, बटण सापडेना. दादा मात्र फोनवर अगदी दुखावलेल्या आवाजात सांगत होते, "कोसळेल कसं साहेब? अजून उडालंच नाही."

नंतर लेखी खुलासा द्यावा लागला. तो सप्रेकाकांनी लिहिला. 'रिक्षा' हा शब्द त्यांनी पाच वेळा खोडला आणि पाच वेळा परत लिहिला, कारण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं झालं असतं.

* * *

आता माझीच चूक सांगते. लाजिरवाणी आहे, पण सांगते.

वेगाच्या काट्यावर रंगीत खुणा असाव्या लागतात. कुठवर सुरक्षित, कुठून धोका, आणि एक लाल रेघ, जिच्यापुढे विमान गेलं तर मोडेल. आमचं उपकरण परदेशी होतं, त्यावरचे आकडे नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, एकशेसाठपर्यंत. सप्रेकाकांनी काढलेले वेग किलोमीटरमध्ये होते, कारण दादांना तेच समजतं. लाल रेघ एकशेऐंशीला. त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला, मी उपकरण तपासून हिरवा स्टिकर लावला आणि कागदासकट नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडे पाठवून दिलं. एकक कुणी बघितलं नाही. मीही नाही. बावीस वर्षं लोकांना एककावरून बोलणारी मी!

पेंटर कामाला चोख. तबकडीवर एकशेऐंशी आकडाच नव्हता. पण त्याने हार मानली नाही. आकड्यांमधलं अंतर मोजलं, एकशेसाठच्या पुढे तेवढंच अंतर धरत गेला, आणि सुबक लाल रेघ ओढली. तबकडी गोल. ती रेघ फिरून बरोबर शून्यावर आली.

आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं तपासनीसांच्या. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस, शर्टाच्या खिशात छोटा टॉर्च. कुणाकडचं पाणीसुद्धा घेत नाहीत अशी ख्याती. त्यांनी पॅनेलवर टॉर्च मारला. विमान उभं होतं, काटा शून्यावर होता, आणि लाल रेघही तिथेच.

ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "यावर लिहिलंय की हे विमान उभ्या उभ्या मोडेल."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी आणखीही त्रुटी काढल्या, सगळ्या खऱ्या होत्या. आणि जाताना सांगितलं की एकदाच परत येईन. तेव्हाही एक जरी गोष्ट यादीप्रमाणे नसली तर फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा.

पहिल्यापासून म्हणजे दोन वर्षं. दादांचा डॉक्टरी दाखला दिवाळीपर्यंतचा होता. त्या संध्याकाळी मी स्टिकरचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला आणि आठवडाभर कुठल्याच गेजला हात लावला नाही.

* * *

त्यानंतर विमान गावी हलवलं. बदलापूरच्या पुढे दादांच्या शेतात धावपट्टी होती, आणि घराला लागून असलेला जुना गोठा मोकळा करून त्यात विमान ठेवलं. आम्ही तिघांनी यादी पहिल्या ओळीपासून परत केली. नवीन तबकडी, नवीन खुणा, सगळं नॉटमध्ये. एककं मी तीनदा बघितली. तपासनीस गुरुवारी येणार होते.

मंगळवारी मी आणि सप्रेकाका शेवटची तपासणी करायला गेलो. वेगाचं उपकरण एका नळीवर चालतं. डाव्या पंखाखाली पुढे काढलेली बोटाएवढी नळी, तिच्या तोंडातून समोरची हवा आत शिरते आणि त्यावरून वेग कळतो. मी तिला रबरी नळी लावून हळूच हवा दिली. काटा हलला नाही. परत दिली. नाही हलला. टॉर्च घेऊन आत बघितलं, तर नळीचं तोंड मातीने गच्च लिंपलेलं. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं.

मला हायसं वाटलं, खरं सांगते. दोन मिनिटांचं काम होतं. मी पिशवीतून तार काढली.

मागून एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने तार काढून घेतली. दादांची आई. नव्वदीची बाई, आजवर विमानाविषयी एक शब्द बोललेली नव्हती. म्हणाली, "कुंभारनीचं घर हाय त्यान. घरान सून पोटुशी असताना ते मोरत नाय."

दादांची सून प्राजक्ता सात महिन्यांची गरोदर होती. कुंभारणीने घरात घर केलं की घरात मूल येतं, आणि ते मोडलं की मूल राहत नाही, असं त्यांच्याकडे धरतात. मी समजावायला गेले की हे घर नाही, गोठा आहे. म्हातारी म्हणाली, गोठा घराचा नाय तं कोनाचा?

मी दादांकडे बघितलं. मला खात्री होती की हा सात वर्षं राबलेला माणूस आता आईला हाताला धरून घरात नेईल. सप्रेकाकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी दुसरी तार काढून ठेवली होती.

दादा हळू आवाजात म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी प्राजक्ताचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा आय चार दिवस जेवली नव्हती. राहू दे. विमान राहिलं तर राहिलं."

मी चिडले. मनात म्हटलं, एका माशीच्या चिखलासाठी? मग ओटीवर बसलेल्या प्राजक्ताकडे लक्ष गेलं. ती ऐरोलीला मोठ्या कंपनीत कामाला जाते, असल्या गोष्टींना हसणारी मुलगी. ती हसत नव्हती. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि माझ्या हातात अजून एखादी तार आहे का, ते बघत होती. मी पिशवी बंद केली.

सगळ्यात मोठा धक्का मला सप्रेकाकांनी दिला. यादीबाहेर आयुष्यात कधी पाऊल न टाकलेल्या या माणसाने आपली तार परत पिशवीत टाकली. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदावर उजव्या पंखाचं चित्र काढायला सुरुवात केली. बुधवारी दादांनी लेथवर दुसरी नळी बनवली, ती उजव्या पंखाखाली लावली, उपकरण तिला जोडलं. मी तपासलं. काटा मखमलीसारखा हलत होता. डाव्या नळीची जोडणी काढली आणि तिच्यावर लाल कापडी आवरण चढवलं.

गुरुवारी तपासनीस आले. होकायंत्र, इंधनाचे दोन काटे, उंची, पट्टे, नारिंगी डबा. टॉर्च प्रत्येकावर थांबायचा, मग पुढे सरकायचा. वेगाच्या तबकडीवर तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. मग ते खाली उतरले, विमानाला एक फेरी मारली आणि डाव्या पंखापाशी थांबले.

ही दुसरी नळी कशाला, त्यांनी विचारलं.

सप्रेकाकांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "जादा आहे. जोडलेली नाही."

"जोडलेली नाही तर विमानात नको," तपासनीस म्हणाले. "नियम तुम्हाला माहीत आहे. काढा."

दादा जमिनीकडे बघत होते. त्यांनी वर बघून शांतपणे सांगितलं की काढता येणार नाही साहेब, तुम्हाला फाइल बंद करायची असेल तर करा.

तपासनीसांनी स्वतःच आवरणाची गाठ सोडली. वाकून नळीत टॉर्च मारला. खूप वेळ बघितलं. मग मान वर करून गोठ्याच्या दाराबाहेर बघितलं, जिथे ओटीवर म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी प्राजक्ता.

त्यांनी टॉर्च विझवला. दादांच्या जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "कितवा?"

"सातवा," दादा म्हणाले.

तपासनीसांनी आवरण परत चढवलं, गाठ मारली, ती ओढून पक्की आहे ना ते बघितलं. मग पंखावर फॉर्म ठेवून लिहायला लागले. फॉर्म सगळा इंग्रजीत होता. सगळ्यात खालच्या शेऱ्याच्या चौकटीत मात्र त्यांनी सावकाश, मराठीत एक ओळ लिहिली, आणि तिच्याखाली सही केली.

"अट : डावी नळी प्रसूतीनंतरच काढावी."